खुर्चीवरचा टॉवेल

त्या कार्यालयातल्या साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल असतो. कार्यालय उघडून दोन वर्षं झाली, साहेब मात्र अजून आलेलेच नाहीत. तरी दर सोमवारी तिथल्या शिपाई सुमनताई जुना टॉवेल काढून धुतलेला घालतात, कडा जुळवतात, एखादी सुरकुती तळहाताने सपाट करतात. मी समोरच्या बाकावरून बघत बसतो. आमची टेकडी राखायचा, तिथे लोकांना चालायला पायवाट करायचा प्रस्ताव याच टेबलावर पडून आहे. टेकड्यांसाठी सरकारने निधी दिलाय. तो वाटणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद तेवढी राहून गेली.

"कुणी येणार आहेत का, ताई?" परवा मी विचारलं.

"नाही हो काका. पदच मंजूर नाही अजून."

"मग टॉवेल कशाला बदलता?"

"बदलू नका, असं कुणी सांगितलं नाही ना."

मला हसू आलं नाही. येऊ नका, असं मलाही कुणी सांगितलेलं नाही. आशा कधीच संपलेली असते, तिची कामं तेवढी चालू राहतात.

ताईंनी उतरवलेला टॉवेल खिडकीबाहेर झटकला. तांबडी धूळ उडाली. पलीकडे आमच्या टेकडीवर जेसीबी चालू होता. अर्धी तर खणून झालीच आहे. प्रस्ताव टेबलावरून हलला नाही, पण टेकडी मात्र रोज थोडी थोडी येऊन साहेबांच्या खुर्चीत बसत होती.

ताईंनी टॉवेल पुन्हा एकदा झटकला. काही राहू नये म्हणून, चांगला जोरात.