वस्तादांचं लोणी

आमचे वस्ताद पेरूएवढा लोण्याचा गोळा तळव्यावर घ्यायचे, पाणी झटकायचे आणि एका घासात गिळायचे. सांगलीच्या अंगाला आमच्या गावची तालीम. मी दुसरीत शाळा सोडली आणि तिथं त्यांच्या हाताखाली शिकलो. त्याची मला लाज नाही.

"लोणी खाणाऱ्याची पाठ मातीला लागत न्हाई," असं म्हणायचे. कुस्ती सुटली, गुडघे गेले, गोळा सुटला नाही. गावात वनस्पती तुपाचे डबे आले तेव्हा ते लग्नाच्या पंगतीतून उठून गेले. पुढं दुकानात मार्गारीनच्या, म्हणजे नकली लोण्याच्या, पिवळ्या वड्या आल्या. "हे खाऊन कोण लढणार रं?" म्हणाले. लढायला तरी कोण उरलं होतं? दूध थेट डेअरीत जायचं. लोणी निघायचं ते वस्तादांच्याच घरी.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेतलं. लोणी बंद करा, पुन्हा झटका आला तर माणूस हाती लागायचा नाही. तिनं म्हैस विकली आणि फ्रीजमध्ये लोण्याच्या जागी लो फॅट मार्गारीनचा डबा आणून ठेवला.

तालमीतल्या मारुतीच्या दिव्याला शनिवारी वस्तादांच्या हातचं तूप लागे. त्या शनिवारी त्यांनी डब्यातलं ते सगळं चुलीवर घातलं, लोणी कढवतात तसं. फेस आला, खदखदलं. खाली पाणी, वर पिवळा तवंग. विड्याचं पान टाकलं तरी तुपाचा वास सुटेना. तसंच नेऊन दिव्यात ओतलं. वात तडतडली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"वस्ताद, तेल घाला की," मी म्हणालो.

"गप रं."

घरी सुनेनं हात जोडले. "मामा, देवासाठी शेजारनं लोणी आणते. पर तुमी खाऊ नगा."

"देवाला लोणी आन् मला पाणी? मग मला काईच नगं."

तेव्हापासून कोरडी भाकरी. दूध नाही, कालवणाला हात नाही. सून ताटापाशी बसून रडायची. "आवं, किती हट्ट?" मी म्हणालो. "मला शिकवू नगंस." हिवाळाभर ते अंग उतरत गेलं. आधी मान बारीक झाली, मग दंड. सदरा खुंटीला टांगल्यागत दिसू लागला. तालमीत दिवा पुन्हा लागला, शेजारच्या तुपावर. ते तिकडं फिरकले नाहीत.

शेवटचा भेटलो तेव्हा, निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, उठायचं असेल. पण त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठल्या, कपाळाला घाम फुटला.

"सोडवून दाखीव."

बोटं नीट टेकलीही नव्हती. हात हलवला असता तर गळून पडली असती. दारात सून तोंडाला पदर लावून उभी होती.

"न्हाई सुटत, वस्ताद," मी म्हणालो.