वस्तादांना वाचता न आलेला जबाब

आमच्या मंडळींनी आणि मी मिळून शेवटचं साधंसुधं काम केलं, ते म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलल्या. संध्याकाळची वेळ, दारात बसलो होतो, मधे परात. तिचा हात भराभर चालायचा आणि मी एकेक शेंग उलटीपालटी करून बघायचो.

"आवं, शेंग हाय ती, मुद्देमाल न्हाई. पंचनामा कशाला करताय?" असं म्हणून हसली.

समोर बोळात पोरं चेंडू खेळत होती. एकाचा गोल हुकला तशी दुसऱ्यानं त्याला आईवरून शिवी हासडली. हिचा हात थांबला. "त्या गोलकीपरची केस सांगा की ह्यास्नी," म्हणाली. मी म्हटलं, सांगतो उद्या.

चौथ्या दिवशी ती गेली. झोपेतच गेली. सांगायचं राहिलं, म्हणून आता लिहितोय. मी सातवी शिकलेला माणूस, चुकलंमाकलं संभाळून घ्या. नाव कुणाचंच घेणार नाही. पण ती केस काल घडल्यागत माझ्या डोळ्यांपुढं आहे.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, औंधकडचा. पोलिसात शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. हे घडलं तेव्हा निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. नेमणूक सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी. त्या गावाला फुटबॉलचं लय वेड. कुस्तीच्या तालमी होत्या त्यांच्याच पुढं टीम झाल्या. नदीकडची तालीम आणि स्टँडकडचं मंडळ, ह्या दोघांत खरी चुरस. मॅच असली की आमचा बंदोबस्त ठरलेला. चार शिपाई, दोन होमगार्ड, मी आणि मैदानाभोवती एक दोरी.

ह्या केसची पहिली खबर माझ्या घरातनंच आली. एरवी खबऱ्याला आम्ही चहा पाजतो, इथं खबऱ्यानंच मला जेवायला वाढलं.

"आवं, आपल्या पोलीस लायनीतली पोरं काय म्हणत्यात ऐकलंय का?" तिनं विचारलं.

"काय म्हणत्यात?"

"माझ्या तोंडानं न्हाई सांगायची. शेजारच्या हवालदारांची नात पाच वर्षांची हाय. टाळ्या वाजवून म्हणत हुती."

"मॅचमधलं असंल कायतरी. पोरंच ती."

"पोरं काय पोटातनं शिकून येत्यात व्हय?"

मी भाकरी मोडली आणि विषय सोडला. ही माझी पहिली चूक. खबर आली की स्टेशन डायरीला नोंद करायची, हा नियम. पण बायकोनं दिलेली खबर डायरीत कोण लिहितो?

त्याच रविवारी दोन्ही टीमची साखळीतली मॅच होती. स्टँडकडच्या मंडळाचा गोलकीपर एकोणीस वर्षांचा पोरगा. घर पूर्वेकडच्या दुष्काळी भागातलं, मेंढरं राखणारं. बाप वारल्यावर आई त्याला घेऊन इकडं आली आणि स्टँडजवळच्या खानावळीत भाकरी थापायला लागली. गोलच्या मागं नदीकडची दोनेकशे पोरं बसलेली, आठ वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची. त्यांनी एका सुरात चार ओळी सुरू केल्या. त्या ओळी त्याच्या आईवर होत्या. विधवा बाई, खानावळीत काम आणि तिथं येणारी गिऱ्हाइकं, एवढं सांगितलं की तुम्ही समजून घ्या. मी इथं लिहिणार नाही.

पहिला हाफ पोरानं सोसलं. दुसऱ्या हाफला तो गोल सोडून दोरी ओलांडून पोरांत घुसला. मग दोन्हीकडनं दगड सुटले. आमच्या एका होमगार्डच्या कपाळाला चार टाके पडले. गर्दी पांगवून मी मैदानात आलो तेव्हा गोलकीपरनं हातमोजे काढून गोलमध्ये ठेवले होते आणि तो घराकडं चालला होता.

मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "काका, मी आता न्हाई खेळत. फायनलला आई येणार हुती बघायला. तिनं हे ऐकायचं व्हय?"

फायनल पुढच्या रविवारी होती, ह्याच दोन टीमची. पुण्याच्या एका कॉलेजची माणसं खेळाडू निवडायला येणार होती. निवड झाली असती तर त्या पोराच्या शिक्षणाचा, राहण्याचा, खाण्याचा सगळा प्रश्न सुटला असता. आणि इकडं आमच्या साहेबांनी मला समोर उभं करून सांगितलं, "हे ज्यानं सुरू केलं तो माणूस शनिवारपर्यंत पाहिजे. नाहीतर फायनलची परवानगी रद्द."

एका शिपायाच्या मोबाईलवर मॅचचा व्हिडिओ होता. त्यातनं पुढं बसलेली सात पोरं ओळखली आणि आईबापांसकट ठाण्यात बोलावली. लहान मुलांना एकटं बसवून विचारपूस करता येत नाही. पालक हजर ठेवले, नियम पाळला. बाकी मात्र मी माझ्या पद्धतीनं सुरू झालो. पस्तीस वर्षांची सवय. आवाज चढवायचा, टेबलावर हात आपटायचा आणि प्रत्येक वाक्याच्या आधी एक शिवी लावायची. अर्धा तास झाला तरी एक पोरगं बोलेना. नाव विचारलं की सगळ्यांची नजर खाली. अशी पोरं मी पाहिलेली आहेत. भीतीनं गप्प बसणारा घामाघूम होतो. ही तशी नव्हती. कुणाच्या तरी मानापायी गप्प होती.

त्यातल्या चौदा वर्षांच्या एकाला मी अगदी तोंडाजवळ जाऊन दरडावलं. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "साहेब, आमी त्याच्या आईला मैदानात बोललो. ती तितं नव्हती. तुमी माझ्या आईला मगाधरनं बोलताय. ती बघा, बाकावर बसलीया."

मी वळून बघितलं. बाप फौजेत, म्हणून आई आली होती. डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढून ती भिंतीकडं बघत होती. लिहून घेणाऱ्या महिला शिपायाचं पेन थांबलेलं.

पोराच्या कानाखाली वाजवावी असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण हात उचलला नाही. बाहेर जाऊन पाणी प्यालो. आत आलो आणि त्या माउलीला म्हटलं, "बाई, चुकलं माझं." ठाण्यात असलं वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

मग व्हिडिओ परत लावला. आता त्या बाईसमोर ते शब्द वाजवायची लाज वाटली, म्हणून आवाज बंद केला. आणि आवाज बंद केल्यावर मला दिसलं. तोपर्यंत आम्ही सगळे कानानं तपास करत होतो. पोरं नुसती ओरडत नव्हती. डावा पाय पुढं, चार मोजले की गुडघ्यात दोनदा वाकायचं आणि उठायचं. दोनशेच्या दोनशे एका तालात. हे लेझीम होतं! शाळेत मीही लेझीम खेळलोय, पण आम्ही एकदाच वाकायचो. दोनदा वाकायची पद्धत त्या गावात एकाच माणसाची.

तो माणूस म्हणजे नदीकडच्या तालमीचा वस्ताद. फौजेतून हवालदार होऊन आलेला, साठीतला, अंगानं ताठ. पोरांना कुस्ती, लेझीम फुकट शिकवायचा. त्याच्या तालमीतलं पोरगं तंबाखूला हात लावत नसे. मी स्वतः त्याला रामराम घालायचो. पोरं का गप्प होती ते मला तेव्हा कळलं.

बोलावल्यावर वस्ताद आला, खुर्चीत बसला आणि हसला. "फौजदार, म्याचमधी चालतंयच की हे. खेळातली गंमत. पोरं म्हणत्यात, मी काय करू?"

"ताल तुमचा हाय, वस्ताद."

"तालावर गुन्हा हाय का? कलम सांगा."

कलम तालावर नव्हतं. सार्वजनिक जागी अश्लील बोलण्यावर होतं, पण त्याला फिर्याद पाहिजे, नेमके शब्द पाहिजेत आणि ते ह्यानं शिकवले हे कुणीतरी सांगायला पाहिजे. पोरं सांगणार नव्हती. शुक्रवारी दुपारी मी खानावळीत गेलो. कसं विचारावं ते कळेना. गोलकीपरच्या आईनंच हात धुतले आणि म्हणाली, "चला. वाटच बघत हुते."

"तुमाला ठावं हाय?"

"पोराला वाटतंय मला ठावं न्हाई. खानावळीच्या दारातनं रोज म्हणत जात्यात की."

ठाण्यात महिला शिपाई तिचा जबाब लिहायला बसली. बाईची कुचंबणा नको म्हणून मी म्हटलं, "अश्लील शिवीगाळ केली, एवढंच लिहितो."

"न्हाई," ती म्हणाली. "शिवीगाळ म्हंजे कायबी असतंय. मला काय म्हणलं ते लिवा. शब्दाला शब्द."

आणि तिनं सांगितलं. भाकरीचं पीठ मागावं अशा साध्या आवाजात तिनं स्वतःवरच्या त्या चार ओळी म्हणून दाखवल्या. ठाण्यात वायरलेस चालू होता, तोही कुणीतरी बारीक केला. शेवटी तिनं अंगठा उठवला.

आमच्यात जबाब लिहिला की तो वाचून दाखवायचा असतो. त्यावरून मला सुचलं. वस्तादाला परत बोलावलं. साहेब बसले होते, ती बाई समोर होती. मी कागद वस्तादाच्या हातात दिला. "वाचा. तुमच्याविरुद्ध काय लिहिलंय ते तुमालाच कळू द्या. मोठ्यानं वाचा, म्हंजे बाईंनाबी ऐकू यील."

त्यानं चष्मा लावला. नाव, वय, राहणार, व्यवसाय, सगळं कवायतीच्या खणखणीत आवाजात वाचलं. पुढं त्या चार ओळी आल्या. तिथं थांबला.

"पुढं?" मी म्हटलं.

"पुढं तुमी वाचा."

"मी सातवी शिकलेला, मला घाईनं वाचता येत न्हाई. तुमी फौजेत शिकलाय."

त्यानं चष्मा पुसला. परत लावला. ओठ हलले, आवाज फुटेना. ती बाई म्हणाली, "वाचा की भाऊ. अडलं तर मी सांगते, मला पाठ हाय."

वस्तादानं कागद टेबलावर ठेवला. इतका वेळ ताठ असलेली त्याची पाठ वाकली.

मी म्हटलं, "एका बाईसमोर तुमच्या तोंडातनं निघंना. अन् दोनशे पोरांच्या तोंडात घातलंत व्हय?"

"म्या केलं," तो म्हणाला. "टीम हरत हुती. गमतीत जुळवलं. पोरांनी एका दिसात उचललं, मला बी नवल वाटलं." आणि त्यानं बाईपुढं हात जोडले.

"मला नका जोडू," ती म्हणाली. "पोरांना सांगा. त्यास्नी वाटतंय वस्ताद म्हणत्यात म्हंजे चांगलंच असणार."

तिनं फिर्याद मागं घेतली नाही, आणि बरोबर केलं. गुन्हा दाखल झाला, जामीन झाला, पुढं कोर्टात वस्तादानं गुन्हा कबूल केला. पण कोर्टाच्या आधी त्यानं जे केलं ते कुठल्या कलमात बसत नाही. शनिवारी सकाळपासून तो घरोघर गेला. लेझीमच्या प्रत्येक पोराला आईबापासमोर उभं करून सांगितलं, "ते म्या शिकवलं. ते वंगाळ हुतं. माझं चुकलं." आमच्या पोलीस लायनीतही आला. त्या पाच वर्षांच्या पोरीपुढं उकिडवा बसून सांगितलं. दारातून बघणाऱ्या आमच्या मंडळींनी त्याला पाणी दिलं. साहेबांनी फायनलची परवानगी कायम केली. आणि गोलकीपरला मैदानात कुणी आणला? त्याच्या आईनं. "मी ठाण्यात समद्यांपुढं बोलून आले. तू गोलमधी उभं राहायला भितोस?" एवढंच म्हणाली.

रविवारी मैदान फुटेस्तोवर गर्दी. गोलच्या मागं तीच दोनशे पोरं, मधे वस्ताद. गोलकीपर आला तशी सगळी चिडीचूप. पोरांना कळेना आता काय म्हणायचं. शिव्यांशिवाय ओरडायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. मग वस्तादानं हात वर केला आणि नुसता ताल धरला. टाळ्या, दोनदा वाकायचं, उठायचं. स्वतःच्या टीमचं नाव. एवढंच. पण दोनशे पोरांच्या टाळ्यांनी अंगावर काटा आला.

दोरीपाशी गोलकीपरची आई उभी होती आणि त्या बाईचा तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. "आरं डावीकडं बघ की! झोपलास का रं?" आजूबाजूची माणसं हसून लोळत होती. स्टँडकडच्या मंडळानं एक गोल केला. शेवटच्या पाच मिनिटांत नदीकडच्यांना पेनल्टी मिळाली. सगळं मैदान श्वास रोखून उभं. गोलकीपर उजवीकडं झेपावला आणि बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर काढला.

आणि त्याच्या मागनं, नदीकडच्या पोरांतून, एक बारीक आवाज आला, "लय भारी रं गड्या!" ज्याची टीम हरत होती तो पोरगा ओरडला होता. ठाण्यात मला आईची जागा दाखवणारा, तोच. मग बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. पुण्याच्या माणसांनी मैदानातच गोलकीपरचं नाव लिहून घेतलं आणि जूनमध्ये पोरगं कॉलेजला गेलं. आमच्या बंदोबस्ताची दोरी त्या दिवशी एकदाही ताणली नाही.

नोकरीत मी दरोडेखोर धरलेत, पण छाती फुगली ती त्या रविवारी. केसनं मला एक शिकवलं. पोरांना उपदेश करून काही होत नाही. ती आपलं ऐकत नाहीत, आपल्याला बघतात. वस्तादाला बघत होती, मला बघत होती. आणि हे आमच्या मंडळींना भाकरी वाढतानाच कळलं होतं, मला आठवडा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला मी सगळ्या स्टाफसमोर उभा राहिलो आणि सांगितलं, आजपासून ह्या ठाण्यात माझ्या तोंडून कुणाच्या आईबहिणीचं नाव निघणार नाही, निघालं तर तिथल्या तिथं मला टोका. तरणे शिपाई तोंड दाबून हसले. हजेरी संपते न संपते तोच एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला धरून आणलं. दारू पिऊन हातगाड्याला धडक दिलेली आणि वर आमच्यावरच गुरगुरत होता. मी ताडकन उठलो. "अरे तुझ्या..." म्हटलं आणि बघतो तर अख्खं ठाणं माझ्या तोंडाकडं बघतंय.

"तुझ्या गाडीचे कागद दाखव," मी म्हटलं आणि खाली बसलो.