चौतीस दिवसांचा बेत

आमच्या ऑफिसात त्यांना जंक्शनबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं त्या नावाचा त्यांना थोडा अभिमानच होता. प्रवासाच्या कंपनीत एकाच काउंटरवर सत्तावीस वर्षं बसून त्यांनी लोकांना युरोपला धाडलं. कुठली गाडी कुठे बदलायची, कुठल्या स्टेशनात सरकता जिना नाही, डोंगर दिसायला हवा तर डब्याच्या कुठल्या बाजूला बसायचं, सगळं तोंडपाठ. मी शेजारच्या टेबलावर. गिऱ्हाईक भारावून विचारायचं, "बाई, तुम्ही कितीदा जाऊन आलात?" बाई न अडखळता सांगायच्या, "एकदाही नाही. तारीख बोला."

त्यांच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आमच्या समोरच होतं. माणूस हसतमुख, गप्पिष्ट. म्हाताऱ्या बायकांना तर तो फारच आवडायचा. नाकावर चष्मा चढवत असा काही बोलायचा की त्या लाजत पैसे देऊन जायच्या. लग्नाच्या दर वाढदिवसाला तो चार पाहुण्यांदेखत बाईंना म्हणायचा, "अगं, पुढच्या वर्षी नक्की! युरोप कुठे पळून जातोय?" पाहुणे हसायचे. बाईही हसायच्या, हसल्या नाहीत तर रुसल्या म्हणून पुन्हा हशा व्हायचा.

पंचविसाव्या वर्षी बाईंनी त्याला न विचारता दोघांचा प्रवास ठरवला. रजा मंजूर झाली, बॅगा आल्या. निघायला नऊ दिवस असताना तो आमच्या ऑफिसात आला, सोबत त्याचा दुकानातला भागीदार आणि भागीदाराची बायको.

"अगं, आमच्या जागी यांची नावं घाल," तो म्हणाला. "मला काही दुकान सोडता येत नाही. आणि तुला तर सगळं पाठच आहे. बघायची गरज काय?"

सगळं ऑफिस हसलं. खोटं कशाला बोलू, मीही हसले. आमच्याकडे नावं बदलायची सोय होती. बाईंनी नावं बदलली, आणि भागीदाराच्या बायकोला गाड्या कुठे बदलायच्या ते एका कागदावर लिहूनही दिलं, नेहमीच्या सुबक अक्षरात.

लग्नाच्या अडतिसाव्या वर्षी तो दुकानातच कोसळला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय बरं का. फक्त बोलता येत नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा."

"बोलेन की," बाई म्हणाल्या.

पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं. खाली मान घालून नाही, पोळी लाटता लाटता, गाडीची वेळ सांगावी तसं.

दुपारचं जेवण भरवून झालं, त्याचं तोंड पुसलं, की त्या वही घेऊन पलंगाशेजारी बसायच्या. "आपल्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचा बेत करू या," म्हणायच्या. चौतीस दिवस, सगळा प्रवास रेल्वेने. पॅरिसहून स्ट्रासबर्ग, मग झुरिक, कूर, तिथून ती लाल गाडी धरून डोंगरातून तिरानो, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना, प्राग, बर्लिन. रोज एकच दिवस वाचायचा. घाई नाही.

"अहो, खिडकी तुम्हाला की मला? एकदा डोळे मिटले तर तुम्हाला, दोनदा मिटले तर मला."

तो डोळे मिटायचा. बाई लिहून घ्यायच्या. मग म्हणायच्या, "इथे फलाट बदलायला सात मिनिटं आहेत. धावावं लागेल. धावाल ना?" आणि चादरीखालच्या त्या निर्जीव पायाकडे बघत बसायच्या, तोही बघेपर्यंत. पुलावरून पायी हिंडायचं, चर्चच्या मनोऱ्यावर चढायचं, असलंच सगळं त्या निवडून निवडून बेतात घालायच्या. एकदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंना वाटलं, लागलं वर्मी. त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी दुसरा कप चहा केला.

"तेव्हा मला फार बरं वाटलं गं," त्या मला म्हणाल्या. "पंचविसाव्या वर्षापासून इतकं बरं वाटलं नव्हतं."

पाच महिन्यांनी मुलगा भेटायला आला असताना तो पहिल्यांदा बोलला. ओठ वाकडे करून, सगळा जीव एकवटून. "कू...र."

मुलाला "क्रूर" ऐकू आलं. त्याने चमकून आईकडे पाहिलं. बाईंच्या हातातली वाटी निसटली.

"कूर," तो पुन्हा म्हणाला आणि डाव्या हाताने वहीकडे बोट दाखवलं. त्याला ती लाल गाडी पाहिजे होती.

तेव्हा बाईंना कळलं की ते पाणी दुःखाचं नव्हतं. आपण इतकं सगळं करूनही बायको आपल्याला घेऊन जाणार आहे, असं त्याला खरंच वाटत होतं. आणि तो त्या बेतावर जगत होता. व्यायाम घ्यायला रोज एक मुलगी यायची. तिने आठवडाभर रबरी चेंडू हातात कोंबला तरी तो दाबायचा नाही. आता ती "पॅरिस" म्हणाली की दाबायचा. "स्ट्रासबर्ग" म्हणाली की पाय उचलायचा. दीड वर्षात तो पलंगावरून उठून काठीच्या आधाराने दारापर्यंत जायला लागला. तोंडात वीसेक शब्द आले, त्यातले निम्मे स्टेशनांचे.

"काकू, तुम्ही त्यांना अक्षरशः उभं केलंत," ती मुलगी म्हणाली. "मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देते."

शेजारीपाजारीही कौतुक करू लागले. मुलाने बापासाठी चांगले बूट आणले आणि विचारलं, "आई, चाकाची खुर्ची घेतली तर जमेल की! डॉक्टरांना विचारू?"

"मी विचारलं," बाई म्हणाल्या. "नको म्हणाले. बाबांना मी समजावून सांगते. तुम्ही कोणी बोलू नका, उगाच हाय खातील."

डॉक्टरांना त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. आमच्या ऑफिसात येऊन त्यांनी चौतीस दिवसांचा सबंध प्रवास पक्का केला, एकटीचा. तिकिटं मीच काढली. दुसऱ्या नावासाठी माझं बोट थांबलं, तशा त्या म्हणाल्या, "पुढे चल."

"बाई, त्यांना ठाऊक आहे का?"

"कळेल."

निघायच्या सकाळी त्यांनी त्याची दाढी केली. नवे बूट चढवले, कोट घातला, केस विंचरले. दोन बॅगा दारात उभ्या होत्या. तो लहान मुलासारखा खुर्चीत सरळ बसला होता. गाडी आली. चालकाने त्याला आधार देऊन आत बसवलं. रस्ताभर तो खिडकीतून बघत होता आणि अधूनमधून बाईंचा हात दाबत होता. बाईंनी हात काढून घेतला नाही. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रासमोर गाडी थांबली. पांढऱ्या कपड्यातला एक माणूस चाकाची खुर्ची घेऊन बाहेर आला. नवऱ्याने इमारतीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"स्टे...शन?" त्याने विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "तुमचं."

त्याची बॅग उतरली. खुर्चीत बसवताना एक बूट निघाला, तो चालकाने उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. बाई पुढे विमानतळावर गेल्या.

चौतीस दिवस त्यांनी बेताबरहुकूम काढले. एकही गाडी चुकली नाही. कूरहून निघताना त्या खिडकीशी बसल्या आणि पूर्ण चार तास बाहेर बघत राहिल्या. मी विचारलं, आनंद झाला का? त्या म्हणाल्या, "डोंगर होते. बर्फ होता. जसं लोकांना सांगायचे तसंच निघालं सगळं. एक अक्षर चुकलेलं नव्हतं माझं."

परतल्यावर त्या त्याला आणायला गेल्या. मुलगा आधीच तिथे येऊन गेला होता. आईशी तो बोलेनासा झाला होता. केंद्रातल्या परिचारिकेने बाईंना बघून विचारलं, "आपण त्यांच्या कोण?"

"बायको."

ती गोंधळली. "पण ते तर म्हणतात, बायको वारली. पहिल्या आठवड्यापासून सांगतात. आम्ही सगळ्यांनी सांत्वनही केलं त्यांचं."

तो व्हरांड्यात बसला होता. आता पूर्ण वाक्यं बोलत होता, थोडी अडखळत. बाई समोर उभ्या राहिल्या. त्याने मान वर केली, दुकानात गिऱ्हाइकाकडे बघायचा तसं गोड हसला आणि म्हणाला, "या ताई. बसा. कोणाला... भेटायचंय?"

"अहो, मी आहे."

"असं का," तो म्हणाला. "आमची मंडळी गेली हो. प्रवासात."

डॉक्टर म्हणाले, मेंदूला इजा झाली की असं होतं, माणसं ओळखू येत नाहीत. पण त्याला मुलगा ओळखू यायचा, भागीदार ओळखू यायचा, व्यायामाची मुलगी तर लांबून ओळखू यायची. डॉक्टरांनी हात वर केले.

बाई त्याला घरी घेऊन आल्या. पुढची तीन वर्षं त्यांनी त्याचं सगळं केलं, भरवणं, धुणं, पुसणं. तो प्रत्येक वेळी हात जोडायचा. "ताई, तुमचे फार उपकार आहेत. तुमच्या घरचे वाट बघत असतील, आता निघा." रात्री त्या शेजारच्या पलंगावर झोपायला आल्या की संकोचून पाठ फिरवायचा, परक्या बाईसमोर फिरवावी तशी.

एकदा मी गेले असताना बाईंचा तोल सुटला. त्यांनी त्याचे खांदे धरून गदागदा हलवलं. "नाटकं बंद करा! एकदा नाव घ्या माझं! शिवी द्या, पण नाव घ्या!"

तो घाबरला नाही. शांतपणे माझ्याकडे वळून म्हणाला, "यांना जरा पाणी द्या. बिचारीचं कोणीतरी गेलेलं दिसतंय."

मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा बाई जमिनीवर बसल्या होत्या, आणि तो डावा हात त्यांच्या डोक्यावरून फिरवत होता. हळू, अगदी मायेने.