निखाऱ्यावरचं सँडविच

पेणच्या स्टँडवर उतरले तेव्हा अकरा वाजले होते. पेणला उतरून पोहे-पापड न घेता पुढे जाणारी बाई विरळाच, पण मी खरेदीला आलेच नव्हते. मला एकच गोष्ट विचारायची होती : माझा धाकटा भाऊ अनंता दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात पडला होता, तेव्हा त्याने माझी आठवण काढली का?

विचारायचं होतं त्याच्या बायकोला, शैलाला. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. कारण सांगायला लाज वाटते. अनंताच्या मुलीच्या लग्नात मानाची टॉवेल-टोपी देताना माझ्या नवऱ्याचं नाव राहून गेलं. ह्यांना टोपीची काडीचीही हौस नाही, ते पंगतीत मजेत जेवत होते. पण मी मुळातच तापट. भर मांडवात शैलाला नको नको ते बोलले आणि भरल्या ताटावरून उठून कल्याणला परतले. गेल्या श्रावणात अनंता गेला, ते मला चुलतभावाकडून कळलं, तेही तिसऱ्या दिवशी. ‘मला कळवलं नाही, तर मी कशाला जाऊ?’ असं म्हणत दहाव्यालाही घरात बसून राहिले. अशी मी.

जोह्याला जायला रिक्षा मिळाली. हमरापूरपासूनच रस्त्याकडेला पत्र्याच्या शेड लागतात. त्यांत ओळीने गणपती, पांढरेफटक, अजून डोळे न काढलेले. अनंता त्यांची आखणी करायचा, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवायचा. शेतं कापून झाली होती, आभाळ मळकट होतं. अनंताच्या दाराला कुलूप होतं. फोन करून निघावं एवढी अक्कल मला कुठली?

शेजारच्या म्हातारीने ओट्यावरून विचारलं, “कोन गो तू?”

“अनंताची बहीण.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आता आलीस व्हय? शैला नाय हितं. रोह्याला, अष्टमीत भावाकडं हाय, त्याचं वालाचं शेत राखते.”

म्हातारीने पाणी दिलं. ते उभ्यानेच प्यायले आणि पुन्हा पेण गाठलं.

पेण ते रोहा एसटीत शेजारी कंपनीतला एक माणूस शिफ्टला निघाला होता. तो नागोठण्यापर्यंत झोपला, मी खिडकीबाहेर बघत राहिले. डोंगर धुरकट, गवत वाळलेलं. बघण्यासारखं काही नव्हतं, किंवा असलं तरी माझं लक्ष नव्हतं. रोह्याला उतरून कुंडलिकेच्या पुलावरून पलीकडच्या अष्टमी गावात आले. एका दुकानदाराने शेताची वाट दाखवली.

शैला बांधावर बसली होती. तीन दगडांत विस्तव, समोर सोललेले वाल. किती वाळली होती ती. मला पाहून उठली, पदर सारखा केला.

“बसा वन्सं. जेवला नसाल.”

भांडण अपेक्षित होतं, त्याची तयारीही केली होती मी. जेवणाची नव्हती.

उकडलेले वाल तिने लसूण-मिरचीबरोबर ठेचले, पावाच्या दोन कापांत भरले, बाहेरून तेलाचं बोट फिरवलं आणि लांब दांड्यांच्या लोखंडी टोस्टरमध्ये दाबून कडी लावली. हा टोस्टर अनंताचा. सीझनला गणपतीच्या कारखान्याच्या अंगणात विस्तव करून तो सगळ्या कारागिरांना अशी सँडविचं खाऊ घालायचा. नुसतं बसवेना म्हणून मी दांडी तिच्या हातातून घेतली आणि टोस्टर थेट जाळात धरला.

“जाळावर नको, वन्सं. निखाऱ्यावर धरा. नायतर वरून जळतं नि आत गार रायतं.”

ऐकलं असतं तर ती मी कसली? उघडलं तेव्हा पाव कोळसा झाला होता आणि आतला वाल गारच. शैलाने निखारे बाजूला ओढले, दुसरं सँडविच भरलं आणि सावकाश, दोनदा उलटून भाजलं. कुरकुरीत, आत वाफाळणारं. अर्धं मला दिलं. एक घास खाल्ला आणि विचारून टाकलं.

“शैला, त्याने माझी आठवण काढली का गं?”

“काढली तर. दोन दिवस ‘ताईला बोलवा, ताईला बोलवा’ करत होते.” ती निखाऱ्याकडे बघत बोलत होती. “मी कळवते म्हटलं. नाय कळवलं.”

“का?”

“मांडवातलं मनात होतं माझ्या. वाटलं, बरे झाले की सांगू. तिसऱ्या दिवशी त्यांनी इचारायचं सोडलं. नुसते दाराकडं बघत पडून रायचे.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “दाराकडे बघत मरू दिलंस तू त्याला.”

“व्हय,” ती म्हणाली.

अर्धं सँडविच तिथेच ठेवून मी उठले. तिने अडवलं नाही.

साडेपाचची एसटी मिळाली. नागोठण्यापर्यंत मी शैलाला मनात शिव्या देत होते. मग राग उतरला. माझा भाऊ तिचा नवरा होता की. निदान बोलले ते चुकलं एवढं म्हणावं, म्हणून फोन काढला, तिचं नाव शोधलं. नावाखाली ‘ब्लॉक केलेला नंबर’ असं होतं. लग्नाच्या त्या संध्याकाळी, परतताना, मीच ब्लॉक केला होता. तिचाही आणि अनंताचाही. नंतर विसरूनही गेले होते.

म्हणजे शैलाने कळवायचं म्हटलं असतं, तरी तिचा फोन माझ्याकडे वाजलाच नसता. आणि अनंताने कधी स्वतः लावून पाहिला असेल, तर? पेण कधी आलं, कळलं नाही.

घरी येऊन आठ दिवस झाले. दोन्ही नंबर मोकळे केले आहेत. शैला तिकडे बांधावर बसून अजून सगळा दोष स्वतःचाच समजते आहे. माझ्या एका वाक्याने तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. रोज सकाळी फोन हातात घेते, तिचं नाव काढते, आणि ठेवून देते.