यात आपण पण येतो का?

सीताराम ओव्हाळांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं एकच काम केलं. समोर आलेला माल हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. पासला पांढरी चिठ्ठी, रिजेक्टला लाल. तिसरी चिठ्ठी नव्हतीच. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. मंडईत वांगीसुद्धा अशी उलटीपालटी करायचे, की भाजीवाली वैतागून म्हणायची, "काका, वांगं घ्यायचंय का जावई बघायचाय?"

आणि दर रविवारी सकाळी हाच माणूस पांढरा सदरा घालून वस्तीतल्या विहारात बुद्धवंदना घ्यायचा. लग्न असो, बारसं असो, मयत असो, बौद्धाचार्य म्हणून सीतारामच. छप्पन साली घरादारानं धम्म स्वीकारला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. धर्म बदलला, नाव बदलायचं तेवढं राहून गेलं. कारखान्यातला त्यांचा जिवलग दोस्त बजरंग, हडपसरच्या शेतकरी घरातला, त्यावरून त्यांना सारखा छेडायचा. "नाव सीताराम, वंदना बुद्धाची. आठवडाभर गोळ्या तपासतो आन् रविवारी सांगतो, जीव मारू नका. तुझं काय खरं न्हाय गड्या!"

"मी मारत नाही, तपासतो," सीताराम म्हणायचे. दोघं हसायचे आणि डबा उघडायचे. छत्तीस वर्षं तेवढ्या उत्तरावर भागलं.

मग दोन हजार नऊच्या मंदीत चंपावहिनींचा समाधान गेला.

चंपाचा नवरा सीतारामांच्याच सेक्शनला होता. तो वारला तेव्हा समाधान तेरा वर्षांचा होता. पोरगं हुशार निघालं. इंजिनिअर झालं, हडपसरच्या काचेच्या इमारतीत नोकरीला लागलं, तेव्हा गल्लीच्या तोंडावर त्याचा फोटो लावून फ्लेक्स लागला होता. फ्लेक्सवरच्या मजकुरातल्या चुका सीतारामांनीच तपासल्या होत्या. मंदी आली आणि कंपनीत कमी करायच्या माणसांच्या याद्या निघाल्या. समाधानचं नाव यादीत होतं असं कुणी म्हणे, नव्हतंच असं कुणी. एका यादीनं माणूस जातो का, आणखी काही होतं का, कुणालाच धड सांगता येईना. सव्विसाव्या वर्षी त्यानं स्वतःच स्वतःचा शेवट केला एवढं खरं. कसा केला ते कशाला सांगायचं? ते सांगून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

चंपानं निरोप धाडला, "सातव्या दिवशीचा पुण्यानुमोदनाचा विधी भाऊजींनीच घ्यायचा." निरोप ऐकून सीतारामांना वाटलं, नाही म्हणावं.

कारण एक गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, बायकोला, कुसुमलासुद्धा नाही. जायच्या आधीच्या रविवारी समाधान वंदनेला आला होता. वंदना संपल्यावर सतरंजीची दुसरी बाजू धरून घडी घालू लागला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काका, ते पहिलं शील. पाणातिपाता. कुठलाच जीव घ्यायचा नाही, बरोबर? यात आपण पण येतो का?"

आता हा प्रश्न सीतारामांना नवा होता होय? पहिलं शील निघालं की वस्तीत मटणाचा वाद ठरलेला. रविवारी शील म्हणायचं आणि दुपारी रस्सा ओरपायचा, हे कसं चालतं, म्हणून शंभर जणांनी शंभर वेळा विचारलेलं. त्यांना वाटलं, 'आपण' म्हणजे आपण सगळे, रस्सा ओरपणारे. ते म्हणाले, "येतो तर! आपण काय आभाळातून पडलोय? पण आईनं आज केलेलं मटण आधी संपव आणि मग सोड."

पोरगं हसलं. घडी नीट केली, सतरंजी कपाटात ठेवली आणि गेलं.

आता विधी दोन दिवसांवर आला होता आणि सीतारामांच्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता. आपण. आपण म्हणजे आपण सगळे, आणि आपण म्हणजे आपण स्वतः. मराठीनं दोघांना एकच शब्द दिला आणि नेमका चुकीचा अर्थ माझ्या कानात घातला, असं म्हणून ते भाषेवर चिडले, मग स्वतःवर चिडले. बरं, योग्य अर्थ कळला असता तरी काय बोललो असतो? "हो, येतो" म्हणालो असतो, तर पोरगं थांबलं असतं का? की हा रस्ताही बंद, म्हणून आणखी एकटं पडलं असतं? आणि शीलात आपण येत असू, तर समाधाननं शील मोडलं म्हणायचं? त्या पोरानं? मुंगी दिसली की पाय उचलणाऱ्या?

बजरंग भेटायला आला. "आमच्याच वावरात त्या पोराची कंपनी उभी हाय रे," तो म्हणाला. "आमच्यात म्हणत्यात, असं गेलेल्याचा आत्मा भटकतो, शांती करावी लागती. पण तुमच्यात आत्माच न्हाय, मग भटकणार कोण?"

"मला काय माहीत!" सीताराम खेकसले.

"आन् आमच्या शेजारच्या जैन आजीनं संथारा घेतला, अन्नपाणी सोडलं, तवा आख्खी गल्ली पाया पडाय गेली. मीबी गेलो. ते येगळं, म्हणत्यात. असंल बाबा. काय येगळं ते मला सांगता यायचं न्हाय." बजरंगनं डोळे पुसले.

मग सीताराम विहारातल्या म्हाताऱ्या भन्तेंकडे गेले. भन्ते म्हणाले, "स्वतःचा जीवही जीवच. शील त्यालाही लागू, असं बहुतेक जण मानतात. पण दुखण्यानं गांजलेल्या एका भिक्खूनं आपलं जीवन संपवलं, तेव्हा बुद्धांनी त्याला दोष दिला नाही, असंही सांगतात."

"मग आमच्या समाधानचं काय?"

"ते मला ठाऊक नाही," भन्ते म्हणाले. "तुम्ही जेवलात का?"

सीताराम जेवले नव्हते. घरी कुसुमनं ताट वाढलं, समोर बसून शीलाचा घोळ ऐकून घेतला आणि म्हणाली, "अहो, नियम जिवंत माणसांना. मेलेल्याला कसली लाल चिठ्ठी लावताय? आणि त्या माउलीसमोर तुम्ही 'जीव घेऊ नये' म्हणणार? काळीज फाटेल तिचं." हे मात्र सीतारामांना पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, काहीतरी धरायला मिळालं. पहिलं शील गाळायचं, एकदम दुसऱ्यावर जायचं. कुणाच्या लक्षात येतंय!

चंपाच्या घरापुढे मांडव घातला होता. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी समाधानचा फोटो होता, फ्लेक्सवरचाच, टाय लावलेला. मेणबत्ती लागली, त्रिसरण झालं. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अदिन्नादाना वेरमणी..."

पण लोकांच्या जिभेला वर्षानुवर्षांची सवय. अर्धा मांडव "पाणातिपाता" म्हणाला, अर्धा "अदिन्नादाना", आणि सगळा गलबला झाला. कुणी खाकरलं. मागून एक जण कुजबुजला, "गुरुजींचं वय झालं आता." सीतारामांना कुठं तोंड लपवावं कळेना.

पांढऱ्या लुगड्यातली चंपा इतका वेळ जमिनीकडे बघत बसली होती. तिनं मान वर केली. "भाऊजी, पहिलं राहिलं."

"असू दे वहिनी. आज राहू द्या."

"का? माझा सम्या असा गेला म्हणून?"

सीतारामांनी पुढ्यातली मेणबत्ती उगाच सरळ केली.

"त्याचं काय झालं ते मला कळत न्हाय," चंपा म्हणाली. "त्यानं चूक केली का बरोबर, कोण काय म्हणतं, मला काय बी कळत न्हाय. पर सात दिस झालं, मलाबी जगावंसं वाटंना. रातचं नको नको ते मनात येतं. म्हणून म्हणते, बाकीची चार राहू द्या, ते पहिलं तेवढं द्या मला. त्यात आपण पण येतो नव्हं?"

तेच शब्द. "येतो तर" हे उत्तर जिभेवर आलंच होतं, जुनं, तयार. त्यांनी ते गिळलं. सगळ्या मांडवादेखत ते उठले आणि जाऊन चंपाच्या समोर मांडी घालून बसले.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "आपण म्हणजे कोण?"

चंपा त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी," ती म्हणाली.

"येता," सीताराम म्हणाले. "तुम्ही येता, वहिनी. आजपासून रात्री कुसुम तुमच्याजवळ झोपेल. मनात आलं की तिला उठवायचं, मला उठवायचं. लाजायचं नाही." कुसुम तोवर येऊन तिच्या पाठीशी बसलीच होती.

आणि मग त्यांनी शील म्हणायला सुरुवात केली. "पाणातिपाता" एवढं म्हटलं आणि त्यांना हुंदका आवरेना. इतकी वर्षं खणखणीत शील देणारा तो माणूस पोरासारखा रडला. पुढचे शब्द मांडवानंच म्हटले. चंपानं एकेक शब्द सावकाश, नीट लावून म्हटला, आणि त्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

समाधाननं शील मोडलं की नाही, हे सीतारामांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. पण त्यानंतर विहारात कुणी काही विचारायला आलं, मग ते मटणाचं का असेना, की ते हातातली सतरंजी खाली ठेवायचे, त्याला समोर बसवायचे आणि आधी विचारायचे, "आपण म्हणजे कोण रे?"