हार घातलेले चाळीस लॅपटॉप

कंपनीच्या नेटवर्कची राखण ही तपश्चर्या आहे, असं मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. या तपश्चर्येतला बराचसा काळ लोकांना "एकदा बंद करून चालू करा" असं सांगण्यात जातो.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला. चाळीस लॅपटॉप, सगळे वाय-फायवर, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला मी एकटा, तोही प्रोबेशनवर. हेड ऑफिसचं फर्मान आलं: प्रत्येक लॅपटॉपमध्ये नवं डिजिटल ओळखपत्र बसवा, संध्याकाळी पाचला तपासणी. माझ्या यादीत ओळखपत्र नसलेल्या लॅपटॉपचा एक जरी लाल ठिपका उरला तरी माझी नोकरी पक्की होणार नव्हती. ओळखपत्र वाय-फायवरून आपोआप जाणार होतं. लॅपटॉप फक्त उघडे असायला हवे होते.

हेड ऑफिसने दिवस निवडला तो दसऱ्याच्या आधीचा.

जेवून आलो तर टेबलावर एकही लॅपटॉप नव्हता. सगळे कॉन्फरन्स रूममध्ये, झाकणं मिटून, लाकडी पायऱ्यांवर मांडलेले. हळदकुंकू, झेंडूचे हार. समोर ॲडमिन सांभाळणाऱ्या आंटी. त्या मरोळच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, गळ्यात क्रूस. ऑफिसची शस्त्रपूजा वर्षानुवर्षं त्याच करायच्या, कारण बाकी कोणाला हार नीट घालता येत नाही असं त्यांचं मत होतं.

"आंटी, हे चालू ठेवायचे होते!"

"आज हत्याराला सुट्टी. परवा हात लाव."

"माझी नोकरी जाईल हो."

"मागे एकाने पूजेतला टाईपरायटर वापरला. आठवड्यात नाहूरच्या गोदामात बदली."

"मला नाहूरसुद्धा मिळणार नाही, आंटी."

त्या विरघळल्या. "बरं, झाकणं उघड. पण बटणाला बोट लावलंस तर बघ."

झाकण उघडलं की लॅपटॉप आपोआप जागा होतो, त्यामुळे हा तह मला परवडणारा होता. पण चाळीस लॅपटॉप एकदम जागे झाले आणि त्या खोलीतल्या वाय-फायच्या एकुलत्या डब्याने मान टाकली. बाकीचे डबे बाहेर होते, म्हणजे लॅपटॉप ऑफिसभर पांगवायला हवे होते. मी चहाची ट्रॉली आणली.

"पूजेतली वस्तू अशी एकटी नाही न्यायची," आंटी म्हणाल्या, आणि निरांजनाचं ताट घेऊन पुढे झाल्या.

एका खेपेला आठ. अकाउंट्सवाले उभे राहून हात जोडत होते. सेल्समधल्या एकाने विचारलं, "विसर्जन कुठे रे, जुहूला?"

पाचला चार मिनिटं असताना शेवटचा ठिपका हिरवा झाला. मी खुर्चीत कोसळलो.

"अरे, वरचा राहिला ना," आंटी म्हणाल्या.

पायऱ्यांच्या अगदी वर, सगळ्यात जाड हाराखाली झाकलेला, साहेबांचा लॅपटॉप. एकेचाळिसावा. झाकण उघडलं, स्क्रीन काळीच. चार्जर लावला. आंटींनी क्रूस हातात धरला आणि स्वतःच बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं: भाषा निवडा.

साहेबांनी तो दोन वर्षांत एकदाही सुरू केला नव्हता. म्हणून तो कधी नेटवर्कवर आला नव्हता, आणि म्हणून यादीतही नव्हता. मी झाकण लावलं.

तपासणीत आमचं ऑफिस शंभर टक्के सुरक्षित निघालं. मला नोकरीत कायम केल्याच्या पत्रावर साहेबांनी शाईच्या पेनाने सही केली.