भिंतीच्या नावाचा पेला

नाझिब्रोलाने आयुष्यभर ट्राममध्ये तिकिटं तपासली आणि त्या नोकरीने तिचा माणसांवरचा विश्वास कायमचा उडवला. फुकट्या कसा ओळखायचा, हे ती ज्याला त्याला ऐकवायची. "तो खिडकीबाहेर बघतो. बाहेर काही नसलं तरी बघतो." पुढे तिबिलिसीच्या ट्राम बंद पडल्या, रूळ उखडले गेले, पण बाईची तपासणी चालूच राहिली. गॅसचा मीटर बघणारा, दारावर दही विकणारी, टीव्हीवर हवामान सांगणारी मुलगी, सगळे तिच्या लेखी बिनतिकिटाचे.

त्यामुळे एक दाढीवाला परदेशी माणूस ग्लदानी या उपनगरातल्या आमच्या इमारतीसमोर कॅमेरा घेऊन उभा राहिला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली नसती तरच नवल. सोव्हिएत काळातल्या त्या राखाडी इमारतीत फोटो काढण्यासारखं होतं काय? सांध्यांना डांबर फासलेलं, पावसात कोपरे ठिबकणारे. ज्याने त्याने आपल्या मनाने लोखंड-पत्रा ठोकून बाहेर खोल्या काढलेल्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. त्यातही त्या माणसाचा कॅमेरा रोखलेला होता नवव्या मजल्यावरच्या अधांतरी खोलीवर. ती नाझिब्रोलाच्या नवऱ्याने, वाझाने, वीज नसायची त्या वर्षांत स्वतःच्या हाताने बांधली होती. ती त्याच खोलीत झोपायची.

वर्षभर कुजबुज होती की एक बिल्डर इमारत पाडून तिथे काचेचा मनोरा उभारणार. "माझं मढं आधी बाहेर काढा, मग पाडा," असं तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

ती तरातरा खाली उतरली. अंगणात जुम्बर सोंगट्या खेळत बसला होता. वाझाचा जिवलग दोस्त, तिसऱ्या मजल्यावरचा.

"भावजी, हा बिल्डरचा माणूस."

"असेल, वहिनी," जुम्बर पटावरून मान न उचलता म्हणाला. "हल्ली कुणाचं काय सांगावं."

तेवढ्यात तो परदेशी भिंतीजवळ गेला आणि त्याने गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा सिमेंटवरून हात फिरवला. नाझिब्रोला त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "काय बघतोस रे?"

"सुंदर आहे," तो मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाला. त्याचं नाव योरिस, गाव बेल्जियमात. "सगळी घरं एकाच साच्याची, आणि मग माणसांनी प्रत्येक घर आपलं आपलं करून टाकलं. मी तासभर बघतोय."

आता मात्र तिची खात्रीच पटली. या भिंतीला सुंदर म्हणणारा एक तर वेडा असणार, नाहीतर काहीतरी लुबाडायला आलेला. पण चोर असला तरी दारात आलेल्या पाहुण्याला आम्हा जॉर्जियन लोकांकडे उपाशी धाडत नाहीत. शिवाय पोटात वाईन गेली की पोटातलं ओठांवर येतं, हाही हिशेब होताच. "चल वर, जेवायला," ती म्हणाली. "भावजी, तुम्हीही या. पेले तुम्हीच चालवा."

वाझा गेल्यापासून तिच्या टेबलावर तमादा म्हणून जुम्बरच बसायचा. कुणाच्या नावाने पेला उचलायचा ते तमादा सांगतो आणि त्या नावांचा क्रम ठरलेला असतो. वाझाने घालून दिलेला क्रम जुम्बरने इतक्या वर्षांत एकदाही मोडला नव्हता. आधी शांतीचा पेला, मग पाहुण्याचा, मग मेलेल्यांचा, त्यानंतर या घराचा आणि शेजाऱ्यांचा. मनात खोट असेल तर त्या नावाचा पेला उचलू नये, एवढं आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं.

अक्रोड घातलेली वांगी, घेवडा, चीज भरलेली गरम खाचापुरी. नाझिब्रोला पाहुण्याच्या ताटात वाढत होती आणि डोळ्यांत तेल घालून त्याच्याकडे बघत होती. "बिल्डर किती देतो तुला?"

"कोण बिल्डर?" योरिस तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला. मग पुन्हा वाझाच्या खोलीचे लोखंडी गज निरखू लागला. "हे त्यांनी एकट्याने केलं? इतक्या उंचीवर?"

बाई जरा गोंधळली. हा माणूस खिडकीबाहेर बघतच नव्हता.

जुम्बरने मेलेल्यांचा पेला उचलला आणि वाझाचं नाव घेतलं. पुढचा पेला त्याने आयांच्या नावाने घेतला. मग मैत्रीच्या. विसरला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण तो निरोपाचा पेला भरायला लागला, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं.

"भावजी, एक राहिला. घराचा."

जुम्बरने मान वळवली आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर समोरच्या इमारतीची राखाडी भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

नाझिब्रोलाने हात पुढे केला, ट्राममध्ये करायची तसाच. "तिकीट, भावजी."

जुम्बरने भरलेला पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "सगळ्यांनी बिल्डरच्या कागदावर सह्या केल्यात, वहिनी. एकट्या तुम्ही राहिलात. कुणीतरी तुमची समजूत काढायला हवी होती, आणि सगळे म्हणाले, जुम्बरचं ती ऐकेल. पोरांना लिफ्ट चालणारं घर हवंय हो. मी तरी किती दिवस नाही म्हणणार?"

"मग काढा की समजूत. वर्षभर माझं मीठ खाताय."

"तोंडच उघडेना."

योरिसला जॉर्जियन येत नव्हती. टेबलावर काहीतरी बिनसलंय एवढंच त्याला कळलं, आणि पाहुण्याने अशा वेळी काय करावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो उठून उभा राहिला. पेला उचलून आपल्या रशियनमध्ये म्हणाला, "या घराच्या नावाने. आणि ज्यांनी ही खोली हवेत टांगली, त्यांच्या."

त्याने पेला तळापर्यंत रिकामा केला. नाझिब्रोलानेही केला. जुम्बरचा हात पेल्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

तेव्हा तिने त्याचा पेला ओढून घेतला आणि तोही पिऊन टाकला. "हा वाझाच्या वाटचा," ती म्हणाली. मग घेवड्याचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. "जेवा. तुम्हीही आता या घरात पाहुणेच."